मागच्या खोलीतला फर्मेंटर

सासऱ्यांना झटका आला तेव्हा मी चार साड्या आणि दोन गाऊन घेऊन पुण्याहून वस्तीवर आले. महिनाभरासाठी. त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एका सकाळीच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिला महिना महत्त्वाचा, घरचं माणूस जवळ हवं. सासूबाई आधीच गेलेल्या. मुलगी बंगळुरूला शिकायला, नवऱ्याची नोकरी पुण्यात. मग उरलं कोण? मला कुणी विचारलं नाही आणि कुणी विचारावं म्हणून मीही थांबले नाही. बॅग भरली आणि निघाले.

त्या महिन्याला आता चार वर्षं होत आली.

वस्ती सोनईपासून पाच-सहा किलोमीटर आत आहे. तिन्ही बाजूंना ऊस. तो कमरेएवढा असतो तोवर बरं असतं. रस्त्यावरची मोटारसायकल दिसते, कोण कुणाच्या शेतात शिरलं ते कळतं. डोक्यावर गेला की घर विहिरीत बसल्यासारखं होतं. ट्रॅक्टरचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. तोड होईपर्यंत आठ-दहा महिने तसेच काढायचे. पहिल्या वर्षी मी तोडणीची टोळी कधी येते याची वाट पाहत होते, का ते मलाही सांगता आलं नसतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, नवरा दादा म्हणतो. त्यांनी गावातलं दूध संकलन केंद्र तीस वर्षं चालवलं. दुधात पाणी घातलेलं त्यांना नुसतं कॅन हलवून कळायचं म्हणतात. तरी ते लॅक्टोमीटरने डिग्री बघितल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचे नाहीत. आणि दारूशी त्यांचं हाडवैर. त्यांचा धाकटा भाऊ हातभट्टीच्या पायी तिशीच्या आत गेला होता. गावातल्या बायकांनी दारूचं दुकान बंद करायला मतदान मागितलं तेव्हा गावातला पहिला पुरुष त्यांच्या मागे उभा राहिला, तो हा. झटक्यानंतर या माणसाकडे तीन शब्द उरले. ‘व्हय’, ‘न्हाई’ आणि ‘ये’. बाकी सगळं डाव्या हाताने आणि डोळ्यांनी.

शेजारच्या वस्तीवरच्या मावशी सकाळी दोन तास येतात. मामांना उठवून चाकाच्या खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात, त्यासाठी दुपारनंतरही हाक मारली की त्या येऊन जातात. मग भांडी, झाडलोट. त्या गेल्या की घरात मी आणि मामा. दर दोन तासांनी कूस बदलायची, गोळ्या वाटून भरवायच्या, लघवीची पिशवी बघायची, हाताचा व्यायाम, मग पुन्हा कूस. कामं अवघड नव्हती, पण त्यांच्या मधल्या जागा फार छोट्या होत्या. सोनईला बाजाराला गेले तरी घड्याळ बघतच भाजी निवडायची. नवरा शनिवारी यायचा, रविवारी दुपारी जायचा. जाताना म्हणायचा, “तुझ्याशिवाय दादांचं कुणी करू शकत नाही गं.” सुरुवातीला ते ऐकून बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका शनिवारी त्याने गाडीच्या डिकीतून एक झाकणाची पांढरी बादली काढली. मग मोठं स्टीलचं पातेलं, प्लास्टिकची नळी, काचेची एक वाकडी पुंगळी आणि धान्याची पिशवी. मला वाटलं जनावरांसाठी काही आणलंय.

“बिअर,” तो हळूच म्हणाला. “घरी करतो आम्ही. ऑफिसातले दोघं आणि मी.”

मी पुण्याच्या घरात नव्हते त्या दिवसांत तो हे शिकला होता. व्हिडिओ बघून, सामान मागवून. खालच्या मजल्यावरच्यांनी वासाची तक्रार केली, सोसायटीने विचारलं, म्हणून सगळं इथे. “गावी जागा भरपूर आहे,” तो म्हणाला. “मागची खोली रिकामीच असते.”

“मामांना कळलं तर?”

“कसं कळेल? ते थोडेच मागे जातात!”

मला तेव्हा राग यायला हवा होता. परवान्याशिवाय घरी असलं काही करणं कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं, आणि या घरात तर ते मुळीच बसत नव्हतं. पण मी त्या पिशवीत हात घातला होता. मोड आणून वाळवलेले जव. एक दाणा चावून पाहिला, गोड लागला. आपण नाचणीला मोड आणून सत्व करतो त्याच जातीतलं हे. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, आणि माझा प्रबंध यीस्टवर होता. लग्न, मुलगी, नवऱ्याच्या बदल्या, यात ते कपाटात वरच्या फळीवर गेलं. दाणा चघळताना त्यातलं काय काय आठवायला लागलं.

पहिला घाणा मात्र नवऱ्यानेच केला. जव भरडायचे असतात, फक्त टरफल फुटेल इतके. त्याने ते सोनईच्या पिठाच्या गिरणीत नेले. मी म्हणाले होते, गिरणीवाला पीठ करील. त्याने पीठच केलं. गरम पाण्यात घातल्यावर त्याची खळ झाली, गाळायला गेला तर थेंब पडेना. दोन तास तो पातेल्यापाशी घामाघूम होऊन उभा होता आणि मी मामांना पेज भरवता भरवता मागच्या दाराकडे बघत होते. शेवटी कसंबसं गाळलं, उकळलं, बादलीत भरलं, कोमट असतानाच वरून यीस्टची पुडी सोडली आणि रविवारी निघताना मला म्हणाला, “रोज एकदा फक्त बघ, बुडबुडे येतायत का.”

बुडबुडे आले. बादलीच्या झाकणात बसवलेल्या त्या वाकड्या पुंगळीत, एअरलॉकमध्ये, थोडं पाणी असतं. आतला वायू त्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. दर दोन-तीन सेकंदांनी बुडुक. त्या खोलीत उन्हाळ्यात छत्तीस डिग्री असायचं. मला वास येत होता, आणि तो कशाचा हे मला माहीत होतं.

बाटल्या उघडल्या तेव्हा त्या बिअरला नेलपॉलिशचा वास येत होता. त्याच्या मित्रांनी दोन घोट घेऊन बेसिनमध्ये ओतली म्हणे.

“यीस्ट उष्णतेत असं करतं,” मी फोनवर सांगितलं. “अठरा-वीस डिग्रीला ठेवायला हवं होतं. आणि बादली भांड्याच्या साबणाने धुतलीस ना? आणि ते पाणी. बोअरचं पाणी इतकं क्षारांचं, त्यात चहासुद्धा धड होत नाही.”

मग तो म्हणाला, “तुला हे सगळं येतं?”

घरात आम्ही एकमेकांसमोर असलो की मी त्याला अहो म्हणते, मामांसाठी. फोनवर अरे-तुरे. त्या दिवशी त्या फोनवर मी त्याला अर्धा तास बोलले आणि त्याने ऐकून घेतलं. लग्नाच्या बावीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल, हाताच्या बोटांवर.

मग खोकी यायला लागली. कुरिअरवाला वस्तीपर्यंत येत नाही. सोनईच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ठेवून जातो. दुकानदार फोन करायचा, “वयनी, पार्सल आलंय बघा तुमचं. लई जड हाय, मिक्सर हाय का काय?” मी व्हय म्हणायची. त्यात कधी दोन रुळांमध्ये दाणा भरडायचं हाताने फिरवायचं यंत्र असायचं, कधी उकळलेला जवाचा रस वीस मिनिटांत थंड करायची स्टीलची वेटोळी नळी. लावल्यावर पुन्हा धुवावं न लागणारं, फेस येणारं जंतुनाशक आलं तेव्हा मी त्याची बाटली उगाच दोन-तीनदा वाचली. घरातला जुना एकदारी फ्रीज मागच्या खोलीत ढकलला आणि त्याला अंडी उबवायच्या पेटीला लावतात तसला कंट्रोलर जोडला. त्याची तार बादलीच्या अंगाला घडी केलेल्या फडक्याखाली चिकटवली, म्हणजे हवेचं नाही, आतल्या रसाचं तापमान कळतं. नंतर बादली गेली आणि निमुळत्या तळाचा, खाली तोटी असलेला, रस आंबवायचा स्टीलचा फर्मेंटर आला. तो खोक्यातून काढला तेव्हा मी पदराने पुसला, धूळ नव्हती तरी.

पाणी मी फिल्टरच्या प्लांटवरून जारने आणवायची. यीस्ट कोरडं टाकायचं सोडून आदल्या दिवशी बरणीत थोड्या रसात जागं करून घ्यायची, विरजणासारखं. कॉलेजात असायची तसली प्रॅक्टिकलची वही आणली, एका बाजूला कोरं पान, एका बाजूला रेघा. तारीख, तापमान, दाटपणाची डिग्री. बिअर मला आवडत नाही. चमचाभर चाखायची, तोंड वाकडं व्हायचं, पण काय चुकलं आणि काय जमलं ते कळायचं. चौथ्या घाण्याला सगळं जमलं. साफ, सोनेरी, वासात किंचित संत्र्याची साल. मी तो चमचा तोंडात धरून मागच्या खोलीत एकटीच उभी होते.

काम मामांच्या झोपेच्या वेळात बसवलेलं. दुपारी दीड ते साडेतीन. उकळवायचं असेल त्या दिवशी मागचं दार उघडं टाकायचं म्हणजे वास उसात जाईल. पण गोठ्यातल्या गायींना तो बरोबर यायचा. गाळलेल्या जवाचा चोथा मिळणार म्हणून हंबरायला लागायच्या. चोथा मी मावशींच्या गायीलाही द्यायची. त्या खूश. “वयनी, ते भुसकाट लई झ्याक हाय बघा. दुधाला चढलीया ती.” आणि मग सहज, “काय उकळता वो मागं?”

“मामांसाठी सातूचा काढा.”

त्यांनी मान हलवली. बाटल्या घासायला त्याच होत्या. मावशींचा नवरा पिणारा. त्याच्यापायी त्यांनी काय काय सोसलंय ते अख्ख्या शिवाराला ठाऊक. त्या माझ्या बाटल्या राखेने घासून उन्हात उपड्या ठेवायच्या आणि मी दुसरीकडे बघायची. नदीकाठी हातभट्टीवर धाड पडली, रसायन ओतलं, अशी बातमी पेपरात आली की मी तो पेपर घडी करून रद्दीत टाकायची. काय फरक होता? माझं स्टील चकचकीत होतं, एवढाच.

वर्षभरानंतर ती खोली माझी राहिली होती असं म्हणता येणार नाही. सुरुवातीला होती. मग नवऱ्याच्या मित्रांचे मित्र आले, कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या निरोपाला. “या महिन्यात दोन घाणे होतील ना?” एकदा त्याने फोटो पाठवला; बाटल्यांवर छापील लेबलं, लेबलावर आमचं आडनाव. ते आडनाव माझंही आहे, लग्नापासून. फोटोत तो मधोमध उभा राहून कुणाला तरी समजावून सांगत होता, हात वर करून. काय सांगत असेल ते मला माहीत होतं, कारण ते मीच त्याला शुक्रवारी फोनवर सांगितलं होतं.

मी फोटोला ‘छान’ची अंगठ्याची खूण पाठवली आणि मामांची कूस बदलायला उठले.

आता दर दोन तासांच्या कामांमध्ये आणखी एक काम आलं होतं. लाईट गेली की फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, तापमान चढू द्यायचं नाही. आणि आमच्याकडची लाईट कधी जाईल याला काही नेम नाही. पूर्वी सोनईला जाऊन यायला मला दीड तास चालायचा. आता एक तास. चुलत जावेकडचं हळदीकुंकू मी सोडलं, का तर यीस्ट टाकून दुसराच दिवस होता. तिला सांगितलं, मामांना बरं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आईच्या मोतीबिंदूचं ठरलं. आई तिसगावला भावाकडे असते, ऑपरेशन नगरला. भाऊ-भावजय होते, पण तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. “दोन दोन तासाला थेंब घालायचे म्हनं. तू ये. चार दिस.” मी नवऱ्याला पंधरा दिवस आधी सांगितलं. तो म्हणाला, येतो, सुट्टी टाकतो, काळजी करू नको.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी पाचच्या सुमारास मी ओसरीवर मामांना नाचणीची पेज भरवत होते. एका हातात वाटी, एका हातात चमचा. फोन वाजला तो मी करंगळीने उचलला आणि स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला.

“अगं, शुक्रवारी ऑफिसात अडकलोय,” नवरा म्हणाला. “शनिवारी येतो. तू रविवारी जा ना.”

“ऑपरेशन गुरुवारी आहे.”

“भाऊ आहे ना तुझा तिथे!”

“तिने मला बोलावलंय. तू हो म्हणाला होतास.”

“मग असं कर, बुधवारी जा आणि गुरुवारी ये. दादांचं मावशी बघतील गं एक-दोन दिवस, ते काही नाही. पण फर्मेंटर कोण बघणार? आज तिसरा दिवस आहे. लाईट गेली की बर्फ कोण ठेवणार? एवढी चाळीस बाटल्यांची बॅच...”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. तीन वर्षं मला सांगितलं होतं की दादांचं तुझ्याशिवाय कुणी करू शकत नाही. त्या एका वाक्यावर मी दोन लग्नं, एक बारसं आणि मुलीच्या कॉलेजातला बक्षीस समारंभ सोडला होता. आणि दादांचं मावशी बघू शकत होत्या. ते काही नाही.

“अहो,” मी म्हणाले, मामा समोर होते म्हणून, “मी नंतर बोलते.” आणि फोन बंद केला.

मामांनी तोंड मिटून घेतलं होतं. मी चमचा ओठांना लावला. त्यांनी मान फिरवली आणि डाव्या हाताने घराच्या मागे बोट दाखवलं.

“काही नाही मामा. घ्या.”

“न्हाई.”

पुन्हा बोट. मग त्यांनी तो हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मला भीती वाटायला हवी होती, पण मी दमले होते. मी वाटी खाली ठेवली, खुर्चीचा ब्रेक काढला आणि त्यांना घरातून मागच्या खोलीत नेलं.

दार उघडलं, दिवा लावला. खोलीत बुडुक बुडुक चाललं होतं. मी फ्रीज उघडून फर्मेंटर दाखवला, भरडायचं यंत्र दाखवलं, बाटल्यांचे क्रेट दाखवले. “बिअर आहे मामा,” मी सांगितलं. “तुमचा मुलगा आणि त्याचे मित्र पितात. मी करते. दीड वर्ष झालं. तुम्ही झोपलेले असता तेव्हा करते.” हे सगळं एका दमात म्हणून झालं आणि मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त आता ते सांगायचं काम राहिलं नाही.

ते कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांची नजर फळीवरच्या काचेच्या उंच नळकांड्याकडे गेली. त्यात हायड्रोमीटर होता. त्यांनी हात पुढे केला.

मला कळलं. दुधाची डिग्री बघायचं आणि हे, दोन्ही एकाच कुळातलं. दाटपणा मोजायचा, तरंगता काटा वाचायचा. मी तोटीतून रस काढला, नळकांडं भरलं, काटा सोडला आणि एक गिरकी दिली, फुगे सुटायला. त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला, रसाच्या पातळीला डोळा आणला. तसं बघायचं असतं हे फार थोड्यांना माहीत असतं. माझ्या नवऱ्याला मी तीनदा सांगितलं होतं. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं उघडली. दोन. मुठीत मिटली. पुन्हा दोन.

बावीस. बरोबर होतं.

“सुरुवातीला अठ्ठेचाळीस होती,” मी म्हणाले. “दहावर आली की झालं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्यासाठी होतं, मुलासाठी होतं की मेलेल्या भावासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पदराला हात लावला, पिरगाळून धरला आणि सोडला. मग अंगठा आणि करंगळी कानाला लावली. फोन.

मी लावला, त्यांच्या तोंडापाशी धरला. पलीकडून नवरा म्हणाला, “हां, बोल. काय ठरवलंस?”

“ये,” मामा म्हणाले.

“दादा?”

“ये. ये. ये.”

एवढंच. पाच-सहा वेळा, आवाज चढत गेला, गळ्याच्या शिरा ताणल्या.

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात होता. मी त्याला कागदावर लिहून दिलं. अर्ध्या पानावर मामांचं, अर्ध्या पानावर फर्मेंटरचं. तो कागद वाचून त्याने माझ्याकडे बघितलं. मामांचं अर्धं पान त्याने आधी कधी वाचलेलंच नव्हतं. मी घोडेगावला जीपने आणि तिथून एसटीने नगरला गेले.

चार दिवस सुटका झाली असं सांगायला आवडलं असतं. पण दवाखान्यातल्या बाकावर बसून मी दर दोन तासांनी दचकत होते; आईचे थेंब, मामांची कूस, रसाचं तापमान, सगळं एकाच गजराला. दवाखान्याच्या खिडकीतून रस्ता दिसत होता, रिक्षा, शाळेतून सुटलेल्या मुली, रसवंतीवाला. मी पाच मिनिटंही तिकडे बघू शकले नाही. डोळ्यावर पट्टी बांधलेली आई म्हणाली, “तू हितं हायेस का तिकडं?”

“इथेच आहे की.”

“न्हाई,” आई म्हणाली. “न दिसता बी कळतंय मला.”

पहिल्या दिवशी नवऱ्याचे अकरा फोन. कूस बदलताना पाठीखाली उशी कुठे, पिशवी कशी रिकामी करायची, ते गिळत का नाहीत, लाईट गेली, किती बाटल्या ठेवू. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी एकही नाही. मी लावला तर म्हणाला, “सगळं ठीक आहे. तू ये मग बोलू.”

पाचव्या दिवशी दुपारी परतले. ओसरीवर मामा खुर्चीत होते, दाढी केलेली, पण गालावर दोन ठिकाणी कापलेलं. नवऱ्याची स्वतःची दाढी चार दिवसांची. त्याने माझी बॅग घेतली आणि म्हणाला, “ओतून टाकली.”

मी चपला न काढताच मागे गेले. फर्मेंटरचं झाकण उघडं होतं, आत तळाशी वाळलेला गाळ. मागच्या चरात अजून आंबूस वास होता.

झालं असं होतं की दुसऱ्या दिवसापासून मामांनी तोंड उघडणं बंद केलं. पेज नाही, गोळ्या नाहीत, पाणीसुद्धा नाही. नवऱ्याने विनवण्या केल्या, ओरडला, मावशींना हाक मारली. मामा फक्त मागे बोट दाखवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने फर्मेंटर उचलून बाहेर नेला आणि मामांना खुर्चीसकट मागच्या दारात आणून त्यांच्या देखत चरात उलटा केला. मग मामांनी पाणी घेतलं.

“मावशी होत्या?” मी विचारलं.

“होत्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. त्यांनी भांडी घासायला घेतली. मग मला पाठमोऱ्याच म्हणाल्या, “वयनी, सातूचा काढा म्हनला तुमी. मला दारूचा वास कळनार न्हाई व्हय? पंचवीस वर्सं त्या वासाशेजारी झोपते मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तुमी त्या खोलीतून भाईर आला का तोंड निराळं असायचं तुमचं. म्हनलं, आसंल काय तरी.” भांडं उपडं ठेवत म्हणाल्या, “पन बाटल्या मला घासाया लावायच्या न्हवत्या.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती माफ केलं म्हणून की पुरे झालं म्हणून, कळलं नाही. काम सोडलं नाही त्यांनी.

नवरा आणखी दोन दिवस राहिला. जायच्या आधी आम्ही उसाच्या कडेला उभं राहून बोललो, घरापासून लांब, म्हणजे मला अरे म्हणता येईल. मी म्हणाले, “तू म्हणालास, मावशी बघतील. ते काही नाही.”

“मी बोलून गेलो.”

“खरं बोलून गेलास. मग मी इथे तीन वर्षं काय करतेय?”

चार दिवसांत त्याच्या कमरेत उसण भरली होती, हाताला सॅनिटायझरने चिरा पडल्या होत्या. “मला नाही जमणार हे,” तो म्हणाला. “चार दिवसांत मी संपलो.” आणि मग, “ती बॅच तुझी होती. माहितीये मला.” ते तो पहिल्यांदा म्हणाला, बॅच चरात गेल्यावर.

पुण्याला नेताना त्याने सगळं गाडीत भरलं. फर्मेंटर, वेटोळी नळी, भरडायचं यंत्र, कंट्रोलर. मी मदत केली. नळी कापडात गुंडाळली, हायड्रोमीटर त्याच्या डबीत कापसात ठेवला. त्याने ऑफिसशी बोलून महिन्यातला एक आठवडा वस्तीवरून काम करायचं ठरवलं आहे, आणि आजवर दोनदा सोडलं तर तो शब्द पाळलाही आहे. तेवढा आठवडा मी आईकडे जाते, एकदा बंगळुरूला मुलीकडे गेले. उरलेले तीन आठवडे मी इथेच. तिकडे त्याने दोनदा बिअर करून पाहिली. वास येतो म्हणाला. कसला, विचारलं नाही. त्यानेही पुढे सांगितलं नाही.

मागच्या खोलीत आता सरकीच्या पेंडीची पोती आहेत. दुपारी दीड ते साडेतीन मी काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. झोप येत नाही. कधी कपडे वाळत घालते, कधी नुसती ओसरीवर बसते. माझी एक जागा गेली आणि तिच्या बदल्यात एक आठवडा मिळाला. हा सौदा बरा की वाईट, असं लोक विचारतील तर मी बरा म्हणेन. तसं म्हणायला हवं हे मला कळतं.

मामांवरचा राग मात्र बरेच दिवस गेला नाही. त्यांनी मला सोडवलं, आणि माझ्या हातचं एकमेव चांगलं झालेलं चरात ओतायला लावलं. दोन्ही त्यांनीच केलं. मध्यंतरी एका सकाळी त्यांच्या बोटांचा व्यायाम घेत होते, एकेक बोट धरून उलगडायचं, मिटायचं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. “मामा, ती चांगली झाली होती. मी केली होती ती. तुम्ही ओतायला लावलीत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या उजव्या हाताचं ते बोट धरून ठेवलं होतं, ज्याला काही कळत नाही.

“व्हय,” ते म्हणाले.

मी पुढचं बोट घेतलं. अजून दोन राहिली होती, आणि मग गोळ्यांची वेळ झाली होती.